वाचकांचे प्रश्न : कर्तव्यावर गेलेल्या पोलिसाची स्मृती

ऑक्टोबर महिना जवळ आला की पोलीस स्मृतिदिनाच्या निमित्ताने या सदराकडे काही पत्रे येतात. या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली तीन पत्रे एकाच विषयावरची असल्याने ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावचा एक पोलीस हवालदार गेल्या वर्षी महामार्गावरील नाकाबंदीत वाहन थांबवण्याचा इशारा करत असताना त्याच वाहनाखाली सापडून मृत्युमुखी पडला. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, मोठी माणसे येऊन गेली. आता पहिल्या पुण्यतिथीला एसटी स्टँडसमोरच्या चौकात त्याचा अर्धपुतळा बसवावा, असे आमच्या तरुण मंडळाचे ठरत असून वर्गणीही सुरू झाली आहे. काही ज्येष्ठांना वेशीवर कमान हवी आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका करावी, असे त्याच्या पत्नीने सुचवले होते, पण त्यावर बैठकीत फारशी चर्चा झाली नाही. योग्य काय होईल? कायद्याची अडचण येते का? आणि दगडावर मजकूर काय असावा?
— तरुण मंडळाचा एक सदस्य, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण ओझरते लिहून पुढे गेला आहात. हवालदाराच्या पत्नीने काही सुचवले आणि त्यावर चर्चा झाली नाही, ही गोष्ट पुतळा की कमान या वादापेक्षा मोठी आहे. गेलेला माणूस गावाचा होता हे खरे. परंतु तो आधी त्या घराचा होता, आणि त्याचे नाव, चेहरा व गणवेश सार्वजनिक ठिकाणी कसा दिसावा हे ठरवण्याचा पहिला अधिकार घराचा आहे. म्हणून मंडळातील दोन-तीन जाणत्या माणसांनी, शक्यतो एखाद्या ज्येष्ठ बाईंना बरोबर घेऊन, त्यांच्या घरी जावे, आईवडील असतील तर त्यांच्याशीही बोलावे आणि तोपर्यंत मूर्तिकाराला विसार देऊ नये. आई आणि पत्नी यांची मते वेगळी निघणेही शक्य आहे. तसे झाले तर घाई न करता एक पुण्यतिथी साध्या अभिवादनावर जाऊ द्यावी. स्मारकाला उशीर झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आता कायद्याचे. एसटी स्टँडसमोरचा चौक हा सार्वजनिक रस्त्याचा भाग असणार. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या इतर जागांवर पुतळे वा बांधकामे उभारण्यास राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेला आहे. त्यामुळे चौकाचा विचार सोडून द्यावा हे उत्तम. गायरानाचा कोपरा ‘आपलाच आहे’ म्हणून परस्पर धरू नये. तसे केलेले स्मारक पुढे अतिक्रमणाच्या यादीत जाते आणि मग ज्याचा सन्मान करायचा त्याच्याच नावाने नोटीस निघते. ग्रामपंचायतीची निर्वेध जागा, शाळेचे आवार किंवा कुटुंबाने स्वखुशीने दिलेली जमीन हे पर्याय राहतात. पुतळाच करायचा असेल तर जागा कोणतीही असो, ग्रामसभेच्या ठरावाबरोबर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मूर्तिकाराने केलेल्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. ही सारी वाट एका पुण्यतिथीच्या आत संपत नाही. वर्गणीचेही सांगून ठेवतो. गणेश मंडळे दरवर्षी सहायक धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणी गोळा करण्यासाठी कलम ‘४१ क’ची परवानगी घेतात, हे आपल्या मंडळाला ठाऊक असेलच, या वर्गणीलाही तोच नियम लावून घ्यावा, पावतीपुस्तक ठेवावे आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. पोलिसाच्या नावाने गोळा केलेल्या पैशाबद्दल गावात कुजबुज होणे फारच वाईट दिसते.

माझे मत विचाराल तर मी अभ्यासिकेच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण पत्नीची इच्छा एवढेच नाही. आपल्या जिल्ह्यात पहाटे कोणत्याही डांबरी रस्त्याने गेल्यास भरतीची तयारी करणारी मुले-मुली वाहनांच्या उजेडात धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी परीक्षा, आणि मग १०० गुणांची लेखी. ज्या माणसाचा जीव रस्त्यावरच्या वाहनाने घेतला, त्याच्या नावाने गावातल्या मुलांना रस्त्यावरून उतरवून मातीची एक सपाट धावपट्टी, गोळाफेकीचे वर्तुळ आणि शेजारी पुस्तकांची खोली मिळाली, तर त्याचे नाव रोज पहाटे घेतले जाईल. सिमेंटच्या अर्धपुतळ्यांची अवस्था काय होते ते आपण पाहिलेच असेल : दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघतात, टोपीचा काठ तुटतो, आणि पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी कोणीतरी ऑइलपेंटचा डबा घेऊन येतो. ब्राँझचा पुतळा टिकतो, पण त्याचा खर्च गावाला पेलणारा आहे का, हे आपणच पाहावे.

अर्थात अभ्यासिकेलाही एक अट आहे. खोली बांधणे सोपे, ती चालवणे अवघड. विजेचे बिल, वर्तमानपत्रे, किल्ली कोणाकडे, मुलींना संध्याकाळी किती वाजेपर्यंत बसता येईल, या गोष्टी ठरल्याशिवाय पायाचा दगड बसवू नये. जमलेल्या वर्गणीतील निम्मी रक्कम बांधकामात न घालता मुदत ठेवीत ठेवावी आणि व्याजावर वर्षाचा खर्च भागवावा, असे मी सुचवीन. वेशीवरच्या कमानीविषयी मी फार लिहीत नाही. उसाने भरलेली ट्रॉली त्याखालून जाईल का, एवढे मात्र मोजून घ्या.

दगडावरच्या मजकुराचा आपला प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण स्मारक करणारे बहुतेक लोक हा प्रश्न शेवटच्या दिवशी, मजकूर कोरणाऱ्यासमोर उभे राहून सोडवतात. परिणामी ‘अमर रहे’, ‘वीर सुपुत्र’, ‘भावपूर्ण आदरांजली’ एवढेच दगडावर येते आणि त्या माणसाने नेमके काय केले हे कुठेच लिहिलेले नसते. वाई तालुक्यातील किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, आहेत. मंडळाच्या मुलांना घेऊन एकदा तिथे जाऊन यावे. वीरगळाच्या खालच्या चौकटीत वीर कसा पडला ते कोरलेले असते. गुरे सोडवताना मेला असेल तर गाई दिसतात, लढाईत मेला असेल तर ढाल-तलवार दिसते. त्यावर अप्सरा त्याला घेऊन जात आहेत, त्याच्याही वर तो शिवपिंडीची पूजा करतो आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेक वीरगळांवर नाव नाही, पण इतक्या शतकांनंतरही त्या माणसाने काय केले ते आपण वाचू शकतो. आपली आजची स्मारके याच्या उलट झाली आहेत. नाव सोनेरी अक्षरांत आणि कृत्य गायब.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. जावळी तालुक्यातील केडंबे हे तुकाराम ओंबळे यांचे गाव. सैन्यातील नोकरीनंतर ते १९९१ मध्ये मुंबई पोलीस दलात दाखल झाले आणि सहायक उपनिरीक्षक पदापर्यंत पोहोचले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत त्यांच्या हातात फक्त लाठी होती. अजमल कसाबच्या रायफलीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या स्वतःच्या पोटात घेतल्या आणि नळी सोडली नाही, म्हणून मागच्या सहकाऱ्यांचे जीव वाचले आणि कसाब जिवंत हाती लागला. त्यामुळेच पुढे न्यायालयात खटला उभा राहिला, कट कोणी रचला हे पुराव्यानिशी मांडता आले. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी ‘इशियस तुकारामी’ असे नाव दिले. आणि केडंबे येथील स्मारकासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये १३ कोटी ४६ लाख रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. यातले काहीही नसते तरी ‘त्यांनी नळी सोडली नाही’ हे एक वाक्य लोकांच्या तोंडी राहिलेच असते.

आपला हवालदारही नाकाबंदीतच गेला. त्याचे कृत्य ओंबळे यांच्याएवढे गाजले नाही, पण तेही एका वाक्यात सांगता येते, आणि तेच दगडावर यावे. मजकूर साधारण असा असावा : पूर्ण नाव, पोलीस हवालदार, बक्कल नंबर अमुक, नेमणूक अमुक पोलीस ठाणे, दिनांक अमुक रोजी रात्री अमुक वाजता अमुक ठिकाणच्या नाकाबंदीत, थांबण्यास नकार देणारे वाहन अडवत असताना मृत्यू, जन्म या गावी, शिक्षण येथील जिल्हा परिषद शाळेत. बक्कल नंबर अवश्य घाला. तो माणूस खात्यात त्या क्रमांकाने ओळखला गेला, त्याच्या बरोबरीचे पोलीस येतील तेव्हा त्यांची नजर आधी तिथे जाईल. प्रथम माहिती अहवाल आणि खात्याचे पत्र समोर ठेवून प्रत्येक तारीख ताडून पाहा. पद मृत्यूच्या वेळी होते तेच लिहा; प्रेमापोटी बढती देऊ नका, न मिळालेले पदक छातीवर लावू नका. राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, म्हणून तीन सिंहांचे चिन्ह मजकुराच्या वर कोरू नका. अक्षरे रंगवलेली नकोत, काळ्या पाषाणात खोल कोरलेली असावीत. देणगीदारांची नावे लावायचीच असतील तर अभ्यासिकेच्या आतल्या भिंतीवर, वेगळ्या फलकावर.

समारंभाबद्दल थोडे. अनावरणाच्या वेळी शिळेवर किंवा पुतळ्यावर तिरंगा पांघरण्याची चूक अनेक ठिकाणी होते. राष्ट्रध्वजाने पुतळा किंवा स्मारक झाकणे हा १९७१ च्या राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियमाखाली अवमान ठरतो. शासकीय आणि सशस्त्र दलांच्या अंत्यविधीत पार्थिवावर ध्वज घालतात, ती वेगळी गोष्ट. साधे पांढरे किंवा खाकी कापड पुरे. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे चेहरे भाकरीएवढे आणि दिवंगताचा चेहरा बत्ताशाएवढा, असे करू नका. आणि अनावरण कोणाच्या हस्ते, याचा काथ्याकूट न करता ते त्याच्या पत्नीच्या हस्ते व्हावे. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचा आदर्श घ्यायला सांगितले. नवरा गणवेशात गेला म्हणून गावाने डोक्यावर घ्यायचे आणि दीप लावताना त्याच्या बायकोला मात्र मागे उभे करायचे, हे आता चालू देऊ नये. त्यांना भाषण करायचे नसेल तर माइक पुढे करू नका. पुढच्या वर्षी त्यांना यायचे नसेल तर तेही मान्य करा.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळावा अशी सूचना शाळेत आली आहे. मुलांना नेमके काय सांगावे? आमचा भाग प्रतिसरकारचा, म्हणजे बेचाळीसच्या लढ्यात इंग्रजांविरुद्ध चाललेल्या समांतर सरकारचा. इथल्या घराघरांत आजोबा-पणजोबांनी पोलिसांना कसे चुकवले याच्याच गोष्टी आहेत. मुले तसे थेट विचारतात.
— एक शिक्षक, ता. पलूस, जि. सांगली

उत्तर : मुले विचारतात हे चांगलेच आहे. त्यांना टाळू नका. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी हुतात्मा झाले, हे साताऱ्याच्या इतिहासात आहे आणि ते वर्गात सांगितलेच पाहिजे. गोळी झाडणाऱ्यांच्या अंगावरही गणवेश होता. स्मृतिदिन गणवेशाचा नसतो, त्या गणवेशातील माणसाने काय केले त्याचा असतो, इतके आठवी-नववीच्या मुलांना नीट कळते. परक्या सत्तेचा हुकूम पाळून निःशस्त्रांवर गोळी झाडणे आणि लोकांच्या संरक्षणासाठी स्वतः गोळीसमोर जाणे, हे दोन्ही एकाच तासात, शेजारी शेजारी ठेवून शिकवता येईल. प्रतिसरकारच्या मुलखातल्या शिक्षकाला ही सोय इतरांपेक्षा जास्त आहे, असे मी म्हणेन.

२१ ऑक्टोबरची गोष्ट अशी. १९५९ साली लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे, १५,००० फुटांहून अधिक उंचीवर, भारताच्या सीमेची राखण सैन्याकडे नव्हती, पोलिसांकडे होती. २० ऑक्टोबरला टेहळणीसाठी पाठवलेल्या तीन तुकड्यांपैकी एक, दोन शिपाई आणि एक हमाल, परतली नाही. दुसऱ्या दिवशी करम सिंग या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली सुमारे वीस जण त्यांच्या शोधात निघाले असता टेकडीवरून चिनी सैनिकांनी गोळीबार केला. दहा पोलीस जागीच पडले. त्यांचे मृतदेह तीन आठवड्यांनी, १३ नोव्हेंबरला परत मिळाले आणि तिथेच त्यांच्यावर पोलीस इतमामात अंत्यसंस्कार झाले. जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत हा दिवस देशभर पाळण्याचे ठरले. तेव्हापासून दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयांत शोक परेड होते, शस्त्रे उलटी धरली जातात, बिगुल वाजतो आणि त्या वर्षात देशभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावे वाचली जातात. दिल्लीतील चाणक्यपुरी येथे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकात ३० फुटी अखंड ग्रॅनाइटचा स्तंभ आहे आणि भिंतीवर त्या वेळी कोरलेली नावे ३४,८४४ होती. या मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट म्हणजे हॉट स्प्रिंग्जचे ते पोलीस हरवलेल्या सोबत्यांना शोधायला निघाले होते. त्यात एक हमालही होता.

अडचण व्यवहाराची आहे. पुष्कळदा त्या सुमारास दिवाळीची सुटी लागलेली असते किंवा सहामाही परीक्षेची धांदल असते. तसे असल्यास नुसता उपचार म्हणून परिपाठात दोन मिनिटे घालवण्यापेक्षा २ जानेवारीपासून सुरू होणाऱ्या पोलीस स्थापना दिनाच्या सप्ताहात हा तास घ्यावा. त्या सप्ताहात पोलीस ठाणी शाळांना भेटी देण्यास तयार असतात. भेटीत शस्त्रे दाखवण्याचाच कार्यक्रम होतो. आपण मात्र ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, कशी लिहितात ते मुलांना समजावून सांगण्याची विनंती करावी.

प्रश्न : माझे वडील पोलीस हवालदार होते. अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुकीच्या बंदोबस्तात, दीड दिवस उभे राहिल्यानंतर, त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. त्याला बरीच वर्षे झाली. कुठल्याही फलकावर त्यांचे नाव नाही. नातेवाईक म्हणतात, ते काही चकमकीत गेले नाहीत, मग कशाला आग्रह? मी आग्रह धरणे चूक आहे का?
— एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : चूक नाही. शौर्यपदक एका विशिष्ट कृत्यासाठी दिले जाते. त्याचे निकष कडक आहेत आणि ते तसेच असावेत. परंतु आठवण ठेवण्यासाठी पदक लागत नाही. मिरजेची मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना दीड दिवस उभे राहणे म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. स्वागत कमानी, ढोल-ताशे, गर्दीचा लोट, आणि त्यात एकाच वळणावर दोरी धरून उभा असलेला माणूस, ज्याचा डबा वाहनातच राहिलेला असतो. लाखभर लोक सुखरूप घरी जातात आणि काहीच घडले नाही म्हणून त्याची बातमी होत नाही. आपले वडील त्या ‘काहीच घडले नाही’साठी उभे होते.

नातेवाइकांशी वाद घालण्यापेक्षा आधी कागद गोळा करावेत, असे मी सुचवीन. त्यांच्या सेवापुस्तकाची प्रत, मृत्यूविषयीचा खात्याचा आदेश, रुग्णालयाचा दाखला आणि त्या दिवशीची स्टेशन डायरीतील नोंद, ज्यात कोण कोणत्या बंदोबस्तासाठी किती वाजता रवाना झाले हे लिहिलेले असते. घरात जे नाही ते माहितीच्या अधिकारात मागता येते. मात्र जुने अभिलेख ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, म्हणून उशीर करू नका. हे कागद हाती आल्यावर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करून, मुख्यालयाच्या किंवा त्यांच्या अखेरच्या पोलीस ठाण्याच्या फलकावर कर्तव्यावर निधन झालेल्यांमध्ये त्यांचे नाव नोंदवावे, अशी विनंती करता येईल. ती मान्य होईलच असे आश्वासन मी देऊ शकत नाही. अर्जात भावना कमी आणि तपशील अधिक ठेवा.

त्याच वेळी एक काम आपल्या हातचे आहे. वडिलांबरोबर त्या रात्री बंदोबस्ताला असलेले सहकारी आता निवृत्त झाले असतील. त्यांतील कोणी मिरज-सांगलीत असतील. त्यांना भेटा, ते कोणत्या वळणावर उभे होते, शेवटचे काय बोलले, पाणी कोणी आणून दिले, हे विचारून लिहून घ्या, आणि सांगणाऱ्याची सही व तारीख घ्या. अर्जाला ही पाने जोडता येतील आणि अर्ज फेटाळला गेला तरी ती पाने आपल्याकडे राहतील.